आडवे-उभे सर

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांना डावं-उजवं कळत नसे. म्हणजे कळत असावं, पण ते मानत नसत. स्टाफरूममध्ये शेजारी बसून डबा खाताना ते म्हणायचे, "मॅडम, ते लोणचं जरा दक्षिणेला सरकवता का?" मी शाळेत नवीन होते, मराठी शिकवायचे. लोणच्याची बाटली हातात धरून मी आज सूर्य कोणत्या खिडकीतून आला होता ते आठवत बसायचे. तोवर सरांची भाकरी संपलेली असायची.

"डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं," ते समजावून सांगायचे. "तुम्ही वळलात की तुमचं डावं वळलं. दिशा कुणासाठी वळत नाही. भरवसा ठेवायचा तर न वळणाऱ्या गोष्टीवर ठेवावा."

हे वाक्य आलं की आमचे हेडसर खाकरायचे. संस्थेच्या प्रत्येक निवडणुकीत ते स्वतः कुठल्या ना कुठल्या बाजूला वळलेले असत आणि अजून एकदाही चुकीच्या बाजूला वळलेले नव्हते.

घोडेगावहून सोनईकडे जाताना आमच्या गावाचा फाटा लागतो. गाव कालव्याच्या अगदी शेपटाला आहे. कालव्याला पाणी सुटल्याची बातमी आमच्यापर्यंत नेमाने येते, पाणी वाटेत कुठं तरी थांबतं. अशा गावातल्या शाळेत शिक्षकाने काय करावं याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. पोर्शन संपवावा, निकाल लावावा, झेंडावंदनाला इस्त्रीचे कपडे घालावेत. सर पोर्शन संपवायचे, निकालही बरा लावायचे. पण इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात ते ओळंबा ठेवायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला पितळी लट्टू बांधतो, तो. त्यांचे वडील गवंडी होते. फळ्यावर उभी रेघ काढली की सर ओळंबा सोडून ती तपासायचे. रेघ केसभर कलली असेल तर पुसून पुन्हा काढायचे. एकदा त्यांनी हेडसरांच्या केबिनमधल्या संस्थापकांच्या तसबिरीला ओळंबा लावला आणि म्हणाले, "संस्थापक पूर्वेला झुकलेत." हेडसरांना ती टीका वाटली. ती मोजणी होती.

फळ्यावर आडवी रेघ, उभी रेघ, मग बाकी सगळं, असा त्यांचा रोजचा आरंभ. म्हणून पोरांनी त्यांचं नाव आडवे-उभे सर ठेवलं. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आधी आडवे म्हणतात की उभे?" आडवे आधी म्हणतात हे कळल्यावर त्यांचं समाधान झालं. आलेखातल्या बिंदूचे निर्देशक लिहिण्याचा क्रम तोच असतो.

आलेख हा धडा बाकी सगळ्या शाळांत दोन तासांत संपतो. सोनईतल्या एका क्लासवाल्याने तर त्याचं सूत्रच करून टाकलं होतं: तक्ता भरा, टिंबं द्या, पट्टी लावा, मार्क घ्या. आमच्या सरांना या धड्याला अख्खा पावसाळा लागायचा. कारण त्यांचं म्हणणं असं की आलेख ही जागा आहे, आणि जागेत माणसाने शिरावं लागतं. बाहेर उभं राहून टिंबं जोडणारा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या खिडकीला रंग देणारा. आत कोण राहतं, त्याला पत्ता नाही.

त्यांच्या या मताला कारण झाली एक मुलगी. नववीत त्यांनी फळ्यावर प्रवासाचा आलेख काढला. आडवा वेळ, उभं घरापासूनचं अंतर. रेघ चढत गेली, मग थोडा वेळ आडवी झाली, मग खाली उतरली. सरांनी विचारलं, "मधे काय झालं?"

सुरेखा नावाची हुशार मुलगी उठली. "सर, आधी डोंगर चढला. मग सपाट रस्ता लागला. मग उतार."

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना तोच डोंगर दिसत होता. दुसरा कुणी मास्तर असता तर म्हणाला असता, मूर्ख आहेस, खाली बस. सर इतके खूश झाले की तास सोडून थेट स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, पोरांना आलेखात डोंगर दिसतोय! म्हणजे डोळे चांगले आहेत. फक्त पोरं चुकीच्या जागी उभी आहेत." आणि चहा न घेता परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक लांबलचक पांढरा कागद हवा होता. शाळेत एवढा कागद कुठला? पण गावात फ्लेक्सची कधी टंचाई नव्हती. आमच्या गावचे सरपंच, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांचा वाढदिवस नुकताच झाला होता. फाट्यापासून देवळापर्यंत 'आप्पांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लटकत होत्या, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे, वाटाण्याच्या शेंगेत दाणे बसवावेत तसे. वारं सुटून त्यातला एक शाळेच्या कुंपणावर येऊन पडला होता. सरांनी तो उलटा केला. मागची बाजू पांढरीशुभ्र. आयुष्यात पहिल्यांदाच त्या फ्लेक्सचा कुणाला तरी उपयोग होणार होता.

मग मैदानात असं दृश्य दिसलं. चार पोरं फ्लेक्सचं एक टोक धरून पश्चिमेकडे सावकाश, एकाच वेगाने ओढतायत. तो वेळ. सुरेखा कोळशाचा तुकडा घेऊन त्याच्यावर वाकलेली, आणि तिने फक्त दक्षिणोत्तर जायचं. ते अंतर. "घरून निघ!" सर ओरडले. ती उत्तरेकडे सरकली, खाली फ्लेक्स सरकत होता, कोळशाची रेघ तिरकी चढली. "आता मैत्रीण भेटली, गप्पा मार!" सुरेखा थांबली. फ्लेक्स थांबला नाही. ती जागेवर उभी आणि तिच्या हाताखालून रेघ आडवी, सरळ निघून चालली. सुरेखा त्या रेघेकडे बघत राहिली. मग एकदम किंचाळली, "सर, मी उभी हाय! सपाट रस्ता न्हाई, मी उभी हाय!"

असलं किंचाळणं मी मराठीच्या तासाला आजवर एकदाही ऐकलं नाही. कवितेच्या तासाला तर नाहीच.

संध्याकाळी आप्पांचे दोन कार्यकर्ते शाळेत आले. आप्पांच्या तोंडावर पोरं पाय देऊन नाचली अशी तक्रार होती. सर म्हणाले, "तोंड खाली होतं. पोरं पाठीवर होती." त्याने प्रकरण मिटलं नाही. हेडसरांनी दोघांना चहा पाजला, सरांच्या वतीने माफी मागितली आणि माफी मागताना सरांचं वर्णन 'थोडे तसेच आहेत' असं केलं. हे वर्णन पुढे त्यांच्या गोपनीय अहवालातही गेलं असावं.

हेडसरांचा सरांवर राग असायला आणखी एक कारण होतं. शिक्षकांचं एक प्रशिक्षण आमच्याच शाळेत झालं. विषय 'कृतियुक्त अध्यापन'. प्रशिक्षण देणारा माणूस दिवसभर खुर्चीत बसून कृतियुक्त अध्यापनाच्या स्लाइड वाचत होता. जेवणानंतर सगळे पेंगायला लागले तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "पाच मिनिटं मला द्या." त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात आणलं. "फरशीच्या या कडेने नोकरीची वर्षं मोजा. जितकी नोकरी जास्त, तितकं पूर्वेला सरका. आणि गेल्या वर्षात पाठ्यपुस्तक सोडून जितकी पुस्तकं वाचली, तितकं उत्तरेला."

आम्ही हसत हसत सरकलो. नवी पोरं-पोरी पश्चिमेला, कुणी वर, कुणी खाली. मी मधेच कुठं तरी. पूर्वेच्या टोकाला, सगळ्यांत दक्षिणेला, भिंतीला पाठ टेकून एकटे हेडसर. त्यांच्या आसपास कुणीच नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे जागा घेतली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण जागा घेतल्यावर तिचा अर्थ त्यांच्या लक्षात आला आणि त्यांना अचानक एक फोन करायचा होता.

"तक्ता वाचला असता तर कुणाला काही वाटलं नसतं," सर मला नंतर म्हणाले. "आकडे कागदावर असले की ते दुसऱ्याचे असतात. आपण त्या जागी उभे राहिलो की बोचतात."

"हेडसर तुम्हाला कधी माफ करायचे नाहीत," मी म्हणाले.

"का? ते पुढच्या वर्षी उत्तरेला सरकू शकतात. व्हरांडा मोकळाच आहे."

एवढा शहाणा माणूस आणि एवढा अजाण. त्यांना खरंच वाटत होतं की माणसाला आपली जागा दाखवली की तो आनंदाने सरकतो.

हे सगळं झालं असतं आणि विसरलं गेलं असतं. पण मग ती ग्रामसभा आली.

आमच्या गावाची पिण्याची विहीर म्हणजे जुनी दगडी बारव. वरून खालपर्यंत रुंद पायऱ्या, तळाशी पाणी. त्यात मोटार सोडलेली, ती पाणी टाकीत चढवते. वीज गेली, म्हणजे रोजच, की बाया कळशा घेऊन पायऱ्या उतरतात. काही वर्षांपूर्वी बारव आटायला लागली तेव्हा गावाने शहाणपणाने एक ठराव केला होता: बारवेच्या आसपासच्या शेतांत नवीन बोअर घ्यायचं नाही. त्या शेतांत आप्पांचं शेत होतं, त्यांच्या भावाचं होतं, आणखी चारदोन वजनदार लोकांचं होतं. ठराव सगळ्यांनी हात वर करून केला आणि त्या दिवसापासून सगळे तो कधी मोडता येईल याची वाट बघत होते. ऊस लावायचा तर बोअर पाहिजे.

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन शाळेच्या मैदानात झालं आणि तिथंच ग्रामसभा भरली. म्हणून आम्ही शिक्षकही होतो, खुर्च्या आमच्याच होत्या. पाण्याच्या कामाचा आढावा घ्यायला एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याने परिसरातल्या विहिरींच्या नोंदींवरून एक आलेख केला होता आणि आप्पांनी तो हौसेने मोठ्या फ्लेक्सवर छापून घेतला होता. वरच्या कोपऱ्यात आप्पांचा हात जोडलेला फोटो, कारण फोटोशिवाय आमच्याकडे फ्लेक्स छापून मिळत नाही. मधे निळी जाड रेघ. डावीकडून उजवीकडे (सरांची क्षमा मागून) दरवर्षी वर, वर, वर.

इंजिनिअर म्हणाला, "या आलेखावरून असं दिसतं, की पाण्याची खोली सातत्याने वाढते आहे."

आप्पांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी वाजवल्या म्हणून गावाने वाजवल्या. इंजिनिअर बिचारा तोंड उघडं ठेवून उभा राहिला. टाळ्या वाजवणाऱ्या सरपंचाला कसं थांबवायचं हे त्याला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आप्पा उठले. "मंडळी, बघा! रेघ बघा कशी चढलीया! आपुन नाला खोल केला, बांध घातले, त्याचं ह्ये फळ हाय. पानी वर आलंय. आता त्यो बोअरचा जुना ठराव ठिवायचा कशापायी? आज मोडून टाकू."

बारव रोज डोळ्यांसमोर होती. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसत नाही, फ्लेक्सवर बसतो. आणि रेघ वर गेलेली सगळ्यांना हवीच होती. हात वर व्हायला लागले.

"एक मिनिट," मागून आवाज आला. आमचे सर. हेडसरांनी डोळे मिटले.

सर फ्लेक्सपाशी गेले. इंजिनिअरला विचारलं, "साहेब, ही उभी रेघ कशाची?"

"जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, सर. मीटरमध्ये."

"छान. शून्य कुठं आहे?"

"खाली."

"शून्य म्हणजे काय?"

"म्हणजे... जमिनीचा पृष्ठभाग."

"म्हणजे जमीन इथं तळाला," सर वाकून बोट टेकवत म्हणाले, "आणि पाणी इथं, तिच्यावर. आप्पा, आपल्या गावावर पाणी तरंगतंय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. इंजिनिअर लाल झाला. पण पोरगा खरा निघाला. खाली मान घालून म्हणाला, "सर म्हणतात ते बरोबर आहे. मी तेच सांगत होतो. खोली वाढली म्हणजे पाणी खाली गेलं. कॉम्प्युटर शून्य खालीच धरतो, मी बदललं नाही."

"त्यात काय एवढं?" सर म्हणाले. "जमीन वर करू. धरा हो कुणीतरी." आणि सुतळ्या सोडून त्यांनी दोघांच्या मदतीने फ्लेक्स उलटा केला.

जमीन वर गेली. उजवीकडून वाचत आलं तर निळी रेघ खाली घसरायला लागली. आणि कोपऱ्यात आप्पा, हात जोडलेले, खाली डोकं वर पाय.

पुढची काही मिनिटं गावात पाण्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. आप्पांचा भाऊ धावून आला. "आमच्या दादाला उलटा टांगला!" कार्यकर्ते उठले. 'जाहीर निषेध' झाला, 'माफी मागा' झाली. एका खुर्चीचा पाय मोडला, शाळेचीच होती. कालव्याला पाणी न आल्याबद्दल आमचं गाव कधी एवढं चिडलेलं मी बघितलं नव्हतं. सर मधे उभे, गोंधळलेले. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो फोटो नका बघू, रेघ बघा." पण रेघेला मिशा नव्हत्या, फोटोला होत्या. शिवाय उलटा केल्यामुळे वर्षंही उलटीकडून सुरू झाली होती, तेही त्यांना समजावून सांगायचं होतं. ते कुणी ऐकणार नव्हतं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून गयाबाई उठल्या. गावात त्यांच्यापेक्षा वयाने मोठं माणूस नव्हतं आणि आप्पांना त्यांनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे त्या काहीही बोलू शकत.

"आरं, त्येचा फोटू सुलटा करा आन् टांगा कुटं टांगायचा त्यो. पन पानी वर गेलं का खाली, त्ये सांगा आदी. आमास्नी ही रेघ काय कळत न्हाई. न सुलटी, न उलटी."

सरांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. तो चेहरा मी ओळखत होते. आता हा माणूस कुणाला तरी उभं करणार.

"आजी, रेघ सोडा," ते म्हणाले. "बारवेवर चला."

आणि गयाबाई निघाल्या म्हणून बाया निघाल्या, बाया निघाल्या म्हणून गडी निघाले, आणि सगळे निघाल्यावर आप्पांनाही निघावं लागलं. पुढारी मागं राहिला असं दिसून चालत नाही.

बारवेवर सरांनी गडीमाणसांना पायऱ्यांजवळ येऊ दिलं नाही. "तुम्ही त्या बाजूच्या काठावर जा. जिन्याच्या वरून बघितलं तर सगळी एका ओळीत दिसतील. बाजूनं बघायचं." मग बायांना म्हणाले, "तुम्ही ज्या साली या गावात नवरी म्हणून आलात, त्या साली चैत्र सरताना पाणी ज्या पायरीला होतं, त्या पायरीवर जाऊन उभ्या राहा. श्रावणातलं सांगू नका, श्रावणात सगळ्यांचंच चांगलं असतं."

 मग गयाबाई चपला काढून उतरल्या. फार नाही, वरच्या दोनचार पायऱ्याच. "मी आले तवा चैतात पानी हितं हुतं. हितं बसून पाय बुडवले हुते म्या. सासू बोलली हुती."

त्यांच्याखाली त्यांची थोरली सून उभी राहिली. मग शेजारची. मग शबानाभाभी, जिची पायरी सगळ्या बायांना तोंडपाठ होती कारण पहिल्याच आठवड्यात तिची तांब्याची कळशी पाण्यात गेली होती आणि ती काढायला अर्धा गाव उतरला होता. बाया एकमेकींना आठवण करून द्यायला लागल्या, भांडायला लागल्या. "तू हितं नव्हतीस, खाली सरक." "न्हाई गं, तुज्या बाळंतपनाच्या साली हितंच हुतं." एक जण आपल्या आधी आलेल्या जावेपेक्षा वर जाऊन उभी राहिली आणि काठावरचे गडी ओरडले, "चुकली, चुकली!"

"चुकली नाही," सर ओरडले. "त्या साली पाऊस चांगला झाला होता. एकीकडे बघू नका. सगळ्या रांगेकडे बघा."

सगळ्यांत शेवटी आप्पांच्या भावाची नवी सून. गेल्या मोसमातच लग्न होऊन आलेली. ती पदर सावरत एकेक पायरी उतरत गेली, सगळ्या सासवा-जावांच्या समोरून. उतरतच गेली. शेवटच्या ओल्या पायरीवर जाऊन थांबली आणि मान वर करून बघितलं. वर कडक उन्हात गयाबाई, आणि खाली सावलीत ती. मधे सगळ्या बाया, काठावरून बघितलं तर तिरक्या रेघेत, उतरत चाललेल्या. तिच्या पुढं फक्त पाणी होतं, आणि तेही गुडघाभर.

मला कंटाळा, राग, हसू, सगळं येत होतं त्या सकाळी. त्या क्षणी त्यातलं काही उरलं नाही.  आप्पांचा भाऊ आपल्या सुनेकडे बघत होता.

सर एवढंच म्हणाले, "हिच्या सुनेने कुठं उभं राहायचं?"

सगळ्यांनी तिच्या पायांखाली बघितलं. तिथं पायरी नव्हती.

ठराव मोडायला नंतर कुणी हात वर केला नाही. बोअरबंदी राहिली. आप्पांनी मात्र प्रसंग सांभाळला. ते पुढारी उगीच झाले नव्हते. काठावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं की बारवेचं रक्षण हेच आपलं पहिल्यापासून धोरण होतं आणि म्हणूनच आपण आजचा हा कार्यक्रम ठेवला. टाळ्या पडल्या. इंजिनिअरने सरांचा हात हातात घेतला. बाया घरी गेल्या. स्वयंपाक राहिला होता.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात सरांची बदली आली. संस्थेच्या तिसगावच्या शाळेत. कारण 'प्रशासकीय सोय'. कुणाची सोय, ते लिहिलेलं नव्हतं. हेडसरांनी ते पत्र सरांना दिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ते दुःख त्यांनी आदल्या दिवसापासून तयार ठेवलं असावं.

निरोप समारंभ जोरात झाला. माणूस जाणार हे नक्की झालं की आमच्याकडे त्याच्यावर प्रेम करायला अडचण राहत नाही. हेडसरांनी सरांना 'उपक्रमशील' म्हटलं. सगळ्यांत मोठं भाषण आप्पांचं. त्यांनी फेटा बांधला, नारळ दिला, आणि म्हणाले, "असा गुरुजी गावाला पुन्यांदा मिळायचा न्हाई." हे अगदी खरं होतं, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः बरीच खटपट केली होती.

सरांना बोलायला सांगितलं. ते उठले, फेटा नीट केला, म्हणाले, "तिसगाव इथून आग्नेयेला आहे. कुणाला काही अडलं तर या." आणि बसले. मी रडणार नव्हते, पण सुरेखा रडायला लागली आणि मग माझाही इलाज राहिला नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. जुलै निम्मा सरला तरी आभाळ कोरडं. आजूबाजूच्या गावांत टँकर सुरू झाले, बाया हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. आमच्या बारवेत तळाला का होईना, पाणी टिकलं. मोटार जेमतेम चालायची, पण चालायची. पाऊस आला तेव्हा गावाने देवाचे आभार मानले, आप्पांचे मानले, नाला खोल करणाऱ्या यंत्राचेसुद्धा मानले. सरांचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. गयाबाई तेवढ्या एकदा देवळापाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्यो येडा मास्तर बरा हाय न्हवं?" मी म्हणाले, बरे आहेत. त्या म्हणाल्या, "बरं."

ऑगस्टच्या सुरुवातीला एके दिवशी मी ऑफिसात कारकुनाकडे काही कामाला गेले होते. हेडसर खुर्चीत, आणि समोर आप्पा. बरोबर त्यांची नववीतली मुलगी, पूनम, खाली बघत उभी. आप्पांना तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

हेडसर घाबरले. सरपंचाची मुलगी शाळा सोडते म्हणजे काय? "आप्पा, आमचं काही चुकलं का? वर्ष अर्ध्यात..."

"न्हाई न्हाई, तसं काय न्हाई. तिच्या मामाकडं ठिवतोय. तिसगावला."

 हेडसर दाखल्याचं पुस्तक शोधायला लागले. ते त्यांच्या समोरच होतं.

मी पूनमला विचारलं, "का गं? इथं काय अडलं?"

तिने बापाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मला आलेख येत न्हाई. नवीन सर टिंबं जोडा म्हनत्यात."

"हितं गणिताचा मास्तर ऱ्हायला कुटं?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. "चांगली मानसं आपल्या गावात टिकत न्हाईत मॅडम. कोन पाठिवतं त्यांना लांब, कोन जाने."

हेडसरांनी सही केली. आप्पांनी दाखला उन्हाकडे धरून शाई वाळवली, घडी घातली आणि पोरीला म्हणाले, "चल बाई, उशीर नको. त्यांचा तास सुरू व्हईल."